सात नंबरची तार आणि कोरडा हात

१

धाकट्या दिराचं हल्लीचं वागणं थोरलीला अजिबात पटत नव्हतं, आणि न पटलेली गोष्ट मनात ठेवायची तिला सवय नव्हती.

महिनाभर हे असंच चाललं होतं. चहा समोर ठेवावा तर साय धरेपर्यंत त्याच्याकडे नुसतं बघत बसायचं. हाक मारली तर तिसऱ्या हाकेला 'हं' म्हणायचं. परवा तर चपला न घालताच बाहेर पडले, आणि परत आले तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. पासष्ट वर्षांचा माणूस! पण आज सकाळी जे झालं ते सगळ्यावर कडी होतं. थोरलीनं अंगण झाडायला झाडू उचलला, तर कंबर नेहमीपेक्षा जास्त वाकवावी लागली. झाडू नवा होता, हिरव्या रंगाच्या दांड्याचा, मागच्याच आठवड्यात आणलेला. तिनं तो भिंतीला टेकवून पाहिला. दांडा चार बोटं तोकडा झाला होता, आणि वरचं टोक करवतीनं कापलेलं.

"भावोजी," ती ओसरीवरूनच कडाडली, "घरातली माणसं म्हातारपणी खुजी होतात हे मला ठाऊक होतं. झाडूही व्हायला लागले का?"

पण धाकटे दहा वाजताच घराबाहेर पडले होते. त्यांच्या खाटेखाली लाकडाचा भुसा मात्र होता, आणि तो त्याच तोकड्या झाडूनं तिला गोळा करावा लागला. त्याचा तिला जास्त राग आला.

थोरली म्हणजे त्या घराची थोरली सून, पण आता सगळा रस्ताच तिला थोरली म्हणायचा. शिक्षण दुसरीपर्यंत. सही येत होती, आणि ती करताना पेनाला घाम फुटायचा. पण जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिनं बावीस वर्षं मदतनीस म्हणून काम केलं होतं. फरशी पुसली, बोर्डाचं पितळ घासलं, बॅटऱ्यांत पाणी भरलं. शिकलेल्या माणसांना चालू यंत्र दिसतं आणि ते कोणी चालू ठेवलंय ते दिसत नाही, हे तिचं ठाम मत तिथंच तयार झालं होतं.

साडेबाराच्या सुमाराला फाटक वाजलं. दोन बायकांनी थोरलीच्या सुनेला दोन्ही बाजूंनी धरून आणलं होतं. सुनेचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"आई," ती म्हणाली, "हेडफोन गेला. माझ्या पाळीत गेला. ते म्हणतात, मी ठेवला."

एवढं बोलून ती ओसरीच्या पायरीवर कोसळली आणि ढसाढसा रडायला लागली. थोरली धुणं पिळत होती. उजव्या हातात पिळलेला पीळ तसाच धरून ती मागून गेली आणि ओला डावा हात तिनं सुनेच्या खांद्यावर टेकवला.

"रडू नकोस," ती म्हणाली. "मी इथंच आहे."

सून दचकली. वर बघून सासूकडे पाहत राहिली, जणू तिला आज पहिल्यांदाच पाहत होती.

"काय झालं? भूत बघितलंस?"

"काही नाही," सून म्हणाली.

२

गाव त्यांना हसून 'कानवाले' म्हणायचं. ते स्वतःला 'ऐकणारे' म्हणायचे.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी नदीला पूर आला. पलीकडच्या काठावरची वस्ती वाहून गेली आणि सात नंबरची तार मधेच तुटली. एक्स्चेंजच्या बोर्डावर त्या वेळी अठरा वर्षांची एक मुलगी बसली होती. पुढे सगळे तिला ऑपरेटरबाई म्हणायला लागले. तिची आई पलीकडच्या काठावर होती. दुपारी सात नंबरची पितळी झडप आपोआप खाली पडली. झडप पडते ती कोणी तिकडून फोन फिरवला तरच. पण तिकडे फोन नव्हता, घर नव्हतं, काठही नव्हता. तिनं पिन खोचली. तारेवर आवाज आला. तीन वाक्यं आली आणि तार कायमची गप्प झाली.

ती मात्र उठली नाही. पाणी पायांशी आलं तरी बोर्डावर बसून राहिली आणि खालच्या अंगाच्या सगळ्या वस्त्यांना एकेक करून फोन लावत गेली. दोनशे माणसं त्या फोनांमुळे वाचली. त्या दोनशेंतले पहिले ऐकणारे झाले.

पुढे एक्स्चेंज बंद पडलं तेव्हा त्यांनी वर्गणी काढून इमारत घेतली. बोर्ड ठेवला, बॅटऱ्या जिवंत ठेवल्या, आणि सात नंबरची तारही ठेवली. ती तार इमारतीतून निघते, नदीकाठच्या खांबापर्यंत जाते आणि तिथं संपते. कुठंही न जाणारी तार. तिच्या या टोकाला, सकाळी सहापासून दिवेलागणीपर्यंत, एक माणूस कानाला हेडफोन लावून बसतो. तासातासाची पाळी. संध्याकाळी शेवटचा माणूस हेडफोन कानावरून काढून गळ्यात घालतो आणि तसाच झोपतो. हेडफोन जमिनीवर, टेबलावर, खुंटीला कधीच ठेवायचा नाही. एक्केचाळीस वर्षांत तो कोणी ठेवला नव्हता.

थोरलीनं या सगळ्याला नेहमी नाक मुरडलं होतं. "मी ज्या बोर्डाची धूळ पुसली, त्याला आता हे हात जोडतात," ती म्हणायची. आत जाऊन त्यांची पोथी ऐकायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. म्हणजे ती येऊच दिली नव्हती. पण एक गोष्ट तिला नाकारता येत नव्हती. तीन वर्षांपूर्वी सुनेचं तान्हं गेलं. त्यानंतर वर्षभर सून एक शब्द बोलली नाही. डॉक्टर झाले, माहेर झालं, काही उपयोग झाला नाही. मग एक दिवस ती त्या खुर्चीवर तासभर बसून आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "आई, भूक लागली."

त्या दोन शब्दांचं ऋण थोरलीच्या छातीवर होतं. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि आता संध्याकाळी सहाला सगळे ऐकणारे जमणार होते. सुनेचं नाव वहीतून कापणार होते. नाव कापलेल्या माणसाला ते 'ठेवणारा' म्हणत. त्यांच्यात याहून वाईट शब्द नव्हता.

"त्यांनी नाव कापलं तर मी पुन्हा गप्प होईन, आई," सून म्हणाली. धमकी नव्हती ती. हवामान सांगावं तसं तिनं सांगितलं.

थोरलीनं पदर खोचला. "चल. कोणाच्या हातात कात्री आहे ते मला बघू दे."

३

ऐकणाऱ्यांचे अध्यक्ष घड्याळजी होते. पेठेत त्यांचं दुरुस्तीचं दुकान, आणि डोळ्यावरचं भिंग ते बोलतानाही काढायचे नाहीत, त्यामुळे एका डोळ्यानं ते नेहमी आश्चर्य करत असल्यासारखे दिसायचे. पुढची पाळी त्यांची होती.

"बाराला मी पडदा सारला," ते म्हणाले. "बाराला म्हणजे बाराला. खुर्ची रिकामी. हेडफोन नाही, त्याच्याबरोबरचा छातीवरचा बोलायचा भोंगा नाही, वायर नाही. आणि तुमची सून पावणेबारालाच बाहेर पडलेली रस्त्यावरच्या चांभारानं पाहिली. पंधरा मिनिटं आधी. आता तुम्हीच सांगा."

"मी नाही सांगणार. ती सांगेल," थोरली म्हणाली. "सांग ग. जसं झालं तसं."

सुनेनं सांगितलं. ऐकणारा डोळे मिटून बसतो. घड्याळ बघायचं नाही. तास संपला हे पुढच्या माणसाचा हात सांगतो. तो मागून येतो, डाव्या खांद्यावर हात ठेवतो. बसलेल्यानं डोळे न उघडता हेडफोन आपल्या डोक्यावरून त्याच्या हातात द्यायचा, उठायचं, समोरच्या दारानं निघून जायचं. मागे वळून बघायचं नाही.

"माझ्या खांद्यावर हात आला," ती म्हणाली. "मी दिला. उठले. निघाले. मी ठेवला नाही हो, दिला!"

"कोणाला?" घड्याळजींनी विचारलं.

"वळून बघायचं नसतं ना."

"म्हणजे तुमच्याच नियमानं चोराला रस्ता करून दिला आणि तुम्हीच पोरीला धरलंत," थोरली म्हणाली. "काय न्याय आहे! बरं, हा मागे न बघायचा नियम आला कुठून?"

घड्याळजींनी कपाटातून पोथी काढली. पोथी म्हणजे ड्यूटीचा एक जुना कागद, काचेत बसवलेला, त्यावर ऑपरेटरबाईंचं अक्षर. त्यांनी उभं राहून वाचलं, आणि वाचताना त्यांचा पेठेतला आवाज कुठच्या कुठे गेला.

"'झडप पडली. मी पिन लावली. आवाज आला, कोणी आहे का? मी काही बोलू शकले नाही. आवाज आला, ठेवू नकोस. मला रडू आलं, मी डोळे मिटून घेतले. तेव्हा कानात आवाज आला, रडू नकोस, मी इथंच आहे. आणि माझ्या डाव्या खांद्यावर हात आला. हात ओला होता आणि गार होता. तो खरा हात होता. मी वळून पाहिलं, मागे कोणी नव्हतं.'"

खोलीत बसलेल्या पंधरावीस माणसांनी एकाच वेळी श्वास सोडला.

"आमचं सगळं यातच आहे, थोरल्या बाई," घड्याळजी हळू म्हणाले. "बाकीचे म्हणतात, माणूस देवाला हाक मारतो. आम्ही म्हणतो, ज्यानं हे सगळं मांडलं, तोच अंधारात विचारतोय, कोणी आहे का? त्याला उत्तर देण्याएवढे आपण मोठे नाही. पण ऐकू शकतो. कोणीतरी ऐकतंय, एवढं त्याला कळलं तरी पुरे."

थोरलीला काहीतरी बोचकं बोलायचं होतं. ते ओठांवर आलंच नाही. विसरलेलं नाव जिभेच्या टोकाशी येऊन अडतं, तसं काहीतरी आत अडलं होतं. तिनं ते झटकलं.

"हात ओला," ती म्हणाली. "मग तुमचा हात कोरडा कसा चालतो?"

"चालत नाही. पडद्यामागे पाण्याचं वाडगं असतं. पाळीला येणारा त्यात डावा हात बुडवूनच आत येतो. हे कोणीही विसरत नाही. झोपेतही नाही."

थोरली सुनेकडे वळली. "आज तुझ्या खांद्यावर आलेला हात कसा होता?"

सुनेनं डोळे मिटले. मग ते एकदम उघडले.

"कोरडा," ती म्हणाली. "आई, कोरडा होता."

४

ऑपरेटरबाईंची लेक औषधांच्या दुकानात होती. आई जाऊन तिला तीनच आठवडे झाले होते. गोळ्यांची पाकिटं कापता कापता ती कात्रीसारखीच बोलली.

"हो, मी मागितला होता हेडफोन. आईच्या डोक्यावर आयुष्यभर तो होता, माझ्या डोक्यावरून तिचा हात कधी फिरला ते आठवावं लागतं. पण चोरायचा कशाला? मी आठवड्यातून चार पाळ्या करते."

"का करतेस, एवढा राग आहे तर?"

लेकीनं कात्री खाली ठेवली. "तिथं बसलं की ती मला ऐकते असं वाटतं," ती म्हणाली, आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध द्यायला वळली.

चार पाळ्या करणाऱ्या बाईचा हात आपोआप वाडग्यात जाईल. थोरलीनं तिला मनातून पुसून टाकलं. घड्याळजींनाही त्याच हिशोबानं पुसलं.

उरला वहीवाला. हा बाहेरगावचा तरुण, नव्या पंथांवर पुस्तक लिहायला आलेला, दोन महिने एक्स्चेंजसमोरच्या खोलीत भाड्यानं राहत होता. त्याच्याकडे अकरा वह्या होत्या. थोरलीला पाहताच त्यानं बारावी उघडली.

"ती मिट," थोरली म्हणाली. "आज मी विचारणार. हेडफोन उघडून बघायचा म्हणून तू मागे लागला होतास ना?"

"हो. पण आता गरजच नाही. मला त्याहून मोठी गोष्ट सापडलीय." त्याचे डोळे चमकले. "एक्स्चेंजची जुनी तक्रारवही. पुराच्या दिवशीची नोंद आहे, 'सात नंबर बंद, लाइनमन रवाना'. म्हणजे तार तुटली होती ती पलीकडे. अलीकडचा तुकडा शाबूत होता! खांबावर चढून कोणी तपासणीचा फोन जोडला असेल, तर झडप पडू शकते. देव नाही, लाइनमन! मी आठवड्यापूर्वी त्या लाइनमनला विचारलंसुद्धा. ते काही बोलले नाहीत. तुमच्याच घरी राहतात ते."

थोरलीला वाटलं, पायाखालची फरशी ओली झालीय.

"हे कोणाला सांगितलंस?"

"अजून नाही. पुस्तकात येईल."

"पाण्याच्या वाडग्याचं माहीत आहे का तुला?"

"चौथ्या वहीत आहे. वाडग्याचा व्यास, पाण्याची खोली, सगळं."

ज्यानं वाडग्याचा व्यास लिहून ठेवला तो हात कोरडा ठेवून जाणार नाही. थोरली उठली आणि पुन्हा एक्स्चेंजमध्ये गेली.

बोर्डासमोर ती एकटीच उभी राहिली. काळं लाकूड, पितळी झडपांच्या रांगा, शंभर रिकामी भोकं. बावीस वर्षं तिनं हे घासलं होतं, आणि आज पहिल्यांदा ते तिला घासून संपणार नाही एवढं मोठं वाटलं. ती बघायला लागली. मनात एकेक गोष्ट लावत गेली.

चोरानं वायर ओढून काढली नव्हती. पिन तिच्या पितळी बुडाला धरून अलगद सोडवली होती. भोकाच्या कडेला एक ओरखडाही नव्हता. सात नंबरची झडप वर लावून ठेवली होती. काम संपलं की झडप वर, हे जुन्या एक्स्चेंजमध्ये हाताला मुरलेलं होतं. ऐकणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता, ते झडपेला शिवायलाही घाबरत. चोर पडद्याकडून आलाच नव्हता, नाहीतर वाडगं वाटेत आलं असतं. तो बॅटरीच्या खोलीतून आला. त्या खोलीला गल्लीत उघडणारं एक दार आहे, आणि त्याची कडी बाहेरून पातळ पात्यानं उचलता येते. हे फक्त जुन्या माणसांना माहीत.

म्हणजे चोराला एक्स्चेंजचं सगळं ठाऊक होतं आणि पोथीतलं काही नाही. अशी दोनच माणसं जिवंत होती. एक ती स्वतः.

तिनं सात नंबरच्या भोकाशी वाकून पाहिलं. भोक रिकामं नव्हतं. लाइन कामासाठी काढली की भोकात लाकडाची खुंटी खोचायची, म्हणजे धूळ जात नाही आणि दुसऱ्यांना कळतं की ही लाइन परत येणार आहे. चोर असली काळजी घेत नाहीत. तिनं नखानं खुंटी ओढून काढली.

ताजी तासलेली होती. आणि तिच्या बुडाशी हिरव्या रंगाची कडा होती.

५

तिनं कोणालाही काही सांगितलं नाही. तारेकडे बघत ती चालत सुटली. एक खांब, दुसरा, तिसरा. बाजार मागे पडला, लाकडाची वखार मागे पडली. सातव्या खांबाशी तार संपली, आणि खांबाच्या बुडाशी, चिखलात पाय रुतवून, धाकटे बसले होते. डोक्यावर हेडफोन, छातीवर भोंगा. लांब काठीच्या आकड्यानं त्यांनी वरच्या तारेला एक वायर अडकवली होती. डोळे मिटलेले.

थोरलीनं ओरडण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. माणूस असं ऐकताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. अख्खं अंग कान झालं होतं.

"झाडूचा दांडा," ती शेवटी म्हणाली, पण हळू आवाजात.

धाकट्यांनी डोळे उघडले. हेडफोन काढला नाही. "वहिनी, याला मी खाली ठेवलेलं नाही. येतानाही डोक्यावरच होता."

"तो आवाज तुमचा होता."

"हो."

मग त्यांनी सांगितलं. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा. पूर बघता बघता चढला होता, ते या खांबावर होते, खाली पाणी आणि कमरेचा पट्टा अर्धा तुटलेला. तपासणीचा फोन तारेला जोडून त्यांनी कळ फिरवली आणि विचारलं, कोणी आहे का? पलीकडून एका मुलीचा श्वास तेवढा ऐकू आला. घाबरलेला माणूस अहो-जाहो विसरतो. ते ओरडले, ठेवू नकोस. मग हातातून फोन निसटून पाण्यात गेला. संध्याकाळी लोकांनी त्यांना खांबावरून उतरवलं. दवाखान्यातून घरी आले, तोवर गाव म्हणायला लागलं होतं की देवानं फोन केला.

"कोणत्या तोंडानं सांगणार होतो? लोक त्या शब्दांवर जगायला लागले होते. मी त्या खोलीत कधी पाय ठेवला नाही. आपल्याच आवाजाला हात कसे जोडायचे? वाटायचं, मी या सगळ्यांना फसवलं."

"मग आता काय झालं?"

"बाई आजारी पडल्या. मी भेटायला गेलो. म्हटलं, मरणाच्या दारात तरी खरं सांगावं. सांगितलं. तर त्या हसल्या. म्हणाल्या, मला अंदाज होता. पण तिसरं वाक्य तुम्ही फार चांगलं बोललात हो, त्यावर मी तगले." धाकट्यांचा आवाज फाटला. "वहिनी, मी दोनच वाक्यं बोललो. तिसरं मी ऐकलं! फोन निसटायच्या आधी. रडू नकोस, मी इथंच आहे. मीही रडत होतो. मला वाटलं, बाई मला म्हणताहेत. त्यावरच मी पाच तास खांब धरून राहिलो. बाई म्हणाल्या, मी कशी बोलेन, माझा कंठ दाटला होता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या."

नदी वाहत होती. वरची तार वाऱ्यानं बारीक गुणगुणत होती.

"त्या तारेवर तिसरं कोणीतरी होतं, वहिनी. एवढंच ऐकायला मी इथं बसलोय. एकदा ऐकू आलं की परत नेऊन देणार होतो. सुनेला धरतील हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

थोरली खांबाला धरून खाली बसली.

आता ते जिभेच्या टोकावरून सुटलं. बॅटरीच्या खोलीत पाणी शिरलं होतं. ती सकाळपासून बादल्या भरभरून बाहेर ओतत होती. एकदा बादली घेऊन बोर्डाच्या खोलीतून गेली, तर ती नवी पोर डोळे मिटून हुंदके देत बसलेली. उजव्या हातात बादली होती. डावा हात तिनं पोरीच्या खांद्यावर ठेवला, वाकून दोन शब्द बोलली आणि तशीच पुढे गेली. पाणी वाढत होतं, थांबायला वेळ होता कुठे? छातीवरचा भोंगा सगळं ऐकतो. भोंग्यापाशी बोललेलं तारेवरही जातं आणि बसलेलीच्या कानातही परत येतं. हे तिला ऑपरेटर पोरी कुजबुजायच्या त्यावरून ठाऊक होतं. शंभरदा ठाऊक होतं. पण आपण काय बोललो ते तिच्या लक्षातही राहिलं नव्हतं. असलं ती कुणालाही म्हणायची. सकाळी सुनेला म्हणाली होती.

ती बोलून विसरली होती. ते शब्द एकानं खांबावर धरून ठेवले, एकीनं बोर्डावर; आणि त्यांना धरून माणसं वाचली, मुकी झालेली सून बोलली. एक्केचाळीस वर्षं एक ओला हात खांद्याखांद्यावरून फिरत होता, आणि तो आपल्याच घरी परत आला होता.

ती आपल्या डाव्या तळव्याकडे बघत राहिली.

"उठा," ती म्हणाली. "सहा वाजत आलेत."

६

खोली भरलेली होती. धाकटे हेडफोन डोक्यावर घेऊन आत आले तेव्हा कोणीतरी हुंदका दिला.

"मी घेतला," ते म्हणाले. "सुनेनं तो ठेवला नाही, माझ्या हातात दिला. आणि मीही ठेवला नाही."

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं. पहिल्यांदाच त्यांचे दोन्ही डोळे सारखे दिसले. "ठेवला नाही," त्यांनी वहीत बघत म्हटलं, "म्हणजे ऐकणं तुटलेलं नाही." आणि वही मिटून ते सुनेसमोर वाकले. सून रडली नाही. "दुपारपासून कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही मला," ती म्हणाली. खोलीभर हसू पसरलं, आणि सुनेच्या आवाजाला काही होणार नाही हे थोरलीला कळलं.

"पण चोरी ती चोरीच," ऑपरेटरबाईंची लेक म्हणाली. "यांचं काय करायचं?"

"घरचा माणूस आहे, निवाडा मी देते," थोरली म्हणाली. "सगळे बाहेर व्हा. ए वहीवाल्या, तूही. तुझ्या पुस्तकात लाइनमन घालायचा तर घाल, पण मला विचारून घाल. तुझा हिशोब अजून अर्धाच झालाय."

खोली रिकामी झाली. तिनं खुंटी काढून टाकली आणि पिन सात नंबरच्या भोकात खोचली. धाकट्यांना खुर्चीकडे बोट दाखवलं. ते बसले. डोळे मिटले. गालांवरून पाणी ओघळत होतं.

थोरली पडद्यामागे गेली. वाडग्यातलं पाणी गार होतं. तिनं डावा हात मनगटापर्यंत बुडवला आणि क्षणभर तसाच ठेवला. हे पाणी एवढी वर्षं कुणाच्या हाताची आठवण म्हणून भरून ठेवलं जात होतं! मग ती खुर्चीमागे आली, दिराच्या डाव्या खांद्यावर तो ओला हात टेकवला आणि भोंग्याजवळ वाकली.

"भावोजी, नीट ऐका. चोरी तुम्ही केलीत. सुनेचा जीव दिवसभर टांगणीला लावलात, त्याची माफी मी देणार नाही, ती तिच्याकडे मागायची. आजपासून रोज एक पाळी तुमची, आणि उद्या सकाळी माझ्या झाडूला नवा दांडा, हिरवाच. त्या तारेवर कोण होतं म्हणून नदीकाठी चिखल तुडवत बसलात, घरात विचारायचं तुम्हाला एकदाही सुचलं नाही, ही तुमची खरी चूक. आता रडू नका. मी इथंच आहे. त्या दिवशीही होते. उजव्या हातात बादली होती."